बाहेर मार

"काच खाली कर," सासूबाई म्हणाल्या.

"गारठून जाल. दिसतंय की सगळं इथून."

"दिसतंय गं बाई, पण ऐकू कुठे येतंय?"

ऐकण्यासारखं होतं काय? वारा आणि गाड्यांचे हॉर्न. आमच्या फेरो बेटांवर फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला ओळीने गाड्या लावायच्या, आत बसून कॉफी प्यायची आणि गोल झाला की हॉर्न वाजवायचा. पण मी गप काच खाली केली. त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नव्हती. सतरा वर्षांनी त्या मैदानावर आल्या होत्या, तेही चर्चला जायचा काळा कोट घालून. त्यांच्या थोरल्या मुलाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, ती शेवटची मॅच होती.

रेगिन एकोणचाळिशीला आला होता. आठवडाभर मासळीच्या कारखान्यात सुरी चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडून खेळायचं, यातच त्याची वीस वर्षं गेली. देशाकडून अडतीस मॅच खेळला, त्यांतल्या तीन जिंकल्या. पन्नास हजार माणसांचा आमचा देश, तीन म्हणजे काही थोड्या नाहीत! पण त्याचं नाव निघालं की लोकांना आठवते ती चौथी, हातातोंडाशी येऊन निसटलेली. एका बड्या देशावर आमचा एक गोल चढलेला, शेवटचं मिनिट, बॉल रेगिनच्या पायाशी. सगळं स्टेडियम ओरडत होतं, "बाहेर मार! बाहेर मार!" आमच्या गावची माणसं तेवढी मुकाट बसली होती. रेगिनने बॉल बाहेर मारला नाही. पायाशी घोळवत राहिला, तो कुणीतरी हिसकावला आणि झाला गोल.

नंतर राजधानीत एका दुकानात एकाने त्याला तोंडावर विचारलं, "एक लाथ मारायची होती, बाबा. एक! पायाला काय मेंदी लावली होती?"

"चुकलंच," रेगिन म्हणाला आणि पाव घेऊन बाहेर आला. मला त्या माणसाचं डोकं फोडावंसं वाटलं होतं.

आमचं मैदान समुद्राला लागून आहे. बॉल पाण्यात गेला की आणायला कुणीतरी होडी घेऊन थांबतं, बहुधा दुखापत झालेला खेळाडूच. सतरा वर्षांपूर्वी होडीवर हानुस होता, रेगिनचा धाकटा भाऊ. त्याचा घोटा मुरगळला होता. एरवी पेनल्टी तोच मारायचा. वाऱ्यात बॉल जागेवर ठरत नाही, म्हणून रेगिन आडवा पडून एका बोटाने तो धरायचा आणि हानुस मारायचा. भावाच्या बोटाला त्याचा बूट कधी लागला नाही.

त्या दिवशी आम्ही एका गोलने पुढे होतो, दोन-तीन मिनिटं काढायची होती. "बाहेर मार!" अख्खं गाव ओरडलं. मीही ओरडले. रेगिनने असा टोला हाणला की बॉल थेट समुद्रात. वर हसून भावाला म्हणाला, "जा, आण आता!" हानुस शिव्या देत वल्ही मारत गेला. दुसऱ्या दिवशी होडी खडकांवर पालथी सापडली. बॉल आपला आपण किनाऱ्याला लागला. हानुस नाही आला.

मॅच आम्ही जिंकलो होतो.

तेव्हापासून आमच्या मैदानावर ते दोन शब्द कुणी उच्चारले नाहीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. रेगिन अजून झोपेत एक बोट पुढे करतो. मी ते हातात धरते, तेव्हा कुठे त्याचा श्वास संथ होतो. दर रविवारी आम्ही सासूबाईंकडे जेवतो. मायलेक हवेबद्दल बोलतात, मेंढ्यांबद्दल बोलतात. हानुसचं नाव दोघंही घेत नाहीत.

"आई मला माफ करेल का गं?" त्याने एकदा मला विचारलं होतं.

"तिलाच विचार की."

"जीभ रेटत नाही."

आणि आज त्या इथे येऊन बसल्या होत्या. कशासाठी, ते सांगत नव्हत्या. रेगिन एकदाही गाडीकडे बघत नव्हता.

शेवटची मिनिटं आली. आम्ही एका गोलने पुढे. बॉल नेमका रेगिनकडे आला आणि शेजारच्या गावचे तिघं त्याच्या अंगावर धावले. तो पुन्हा तसाच बॉल पायाशी घोळवू लागला. मी डोळे मिटले.

गाडीचं दार धाडकन उघडलं. सासूबाई बाहेर उभ्या होत्या, एक हात गाडीच्या टपावर.

"रेगिन! बाहेर मार!"

सगळे हॉर्न थांबले. रेगिनने मान वर केली.

"मार म्हणते ना! जोरात मार, पोरा!"

त्याने मारला. बॉल उंच गेला, वाऱ्याने उचलला आणि पार खडकांपलीकडे पाण्यात पडला. होडीवरचा माणूस दोर सोडायला उठला.

"राहू दे रे," सासूबाई ओरडल्या. "खेळू दे हानुसला."

तो माणूस दोर तसाच हातात घेऊन खाली बसला. मैदानात रेगिन गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता, त्याची पाठ गदगदत होती. समोरच्या संघातला एकजण त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. रेफरीने दुसरा बॉल मागवला.

सासूबाई गाडीत येऊन बसल्या. कोट नीट केला, कॉफीचा कप हातात घेतला.

"लाव आता काच," म्हणाल्या.