आबांनी घड्याळ थांबवलं

माझ्या नातीच्या घड्याळात शून्य आलं होतं.

समोरच्या पोराकडे उरला होता नुसता राजा. तो मान खाली घालून मात व्हायची वाट बघत होता. घड्याळाकडे बघायचं त्राणच त्याच्यात नव्हतं. नातीनं वजीर उचललेला. एक चाल, की मात. आणि मात म्हणजे बुद्धिबळाच्या संघातली शेवटची जागा. त्या जागेसाठी ही पोरगी वर्षभर पहाटे उठून डाव मांडत होती.

खरं तर तिच्या पटावर मी पंच असायलाच नको होतो. पण दुसरा पंच तापानं आडवा झालेला, आणि आयोजक म्हणाले, "आबा, तुमच्यावर कोण संशय घेणार?" तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि रविवारी पंच. सरळ माणूस म्हणून नाव होतं, आणि त्याचा मला तोराही होता, खोटं कशाला बोलू?

नियम साधा आहे. ज्याची वेळ संपली तो हरला. पण समोर एकटा राजाच असेल तर तो मात करूच शकत नाही, म्हणून डाव बरोबरीत.

दोन सेकंद मी त्या शून्याकडे बघत राहिलो. मग घड्याळ थांबवलं. "वेळ संपली. बरोबरी."

"म्हणजे मी हरलो नाही?" पोरानं तीनदा विचारलं. नातीनं कागदावर अर्धा-अर्धा गुण लिहिला, सही केली. रडली नाही.

दाराबाहेर सूनबाई उभीच होती. "दोन सेकंद दुसरीकडे बघितलं असतंत तर आभाळ कोसळलं असतं का, आबा?"

"नियम आहे, बाई."

"तुमचे नियम तुम्हालाच लखलाभ," म्हणाली आणि तरातरा पुढे निघून गेली.

आम्ही दोघं मागून चालत राहिलो. चौकात आल्यावर नात म्हणाली, "आबा, शून्य मला दिसलं होतं."

"मग?"

"म्हणून तर घाईनं वजीर उचलला. तुम्हालाही दिसलं, ते मला कळलं. वाटलं, तुम्ही बोलणार नाही."

पोरीला काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं.

रस्ता ओलांडायला मी हात पुढे केला.

"येतं मला," ती म्हणाली, आणि दोन्ही बाजूंना नीट बघून एकटीच पलीकडे गेली.