टपावरून बोलतोय

"पोरगा किंचाळला तर ते रॉकाबिली गाणं, आणि माझी ताई किंचाळली तर नुसता आरडाओरडा, असं का हो?"

डेल्मरने हे रेडिओवाल्या एमेट साहेबांना विचारलं. त्यांनी ताईच्या गाण्याची तबकडी परत त्याच्या हातात ठेवली आणि पंखा वाढवला.

मी तेव्हा दारात आडवा होतो. मी डबल बेस, उभं धरून वाजवायचं जाड तारांचं वाद्य, डेल्मरहून वीतभर उंच. डेल्मर आता कोणाशी फारसं बोलत नाही, म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय.

अमेरिकेत, आर्कान्सातल्या एका शाळेत मी धूळ खात पडलो होतो. व्हर्लीन टॅकेटने मला बाहेर काढलं. तिची गिटार, मी आणि मला थपडा मारणारा तिचा भाऊ डेल्मर, एवढाच आमचा बँड. ती गायला लागली की कापसाच्या गोदामाचा पत्रा थरथरायचा. आमच्या भागात असं गाणारी तिच्याआधी कोणी बाई नव्हती. कधी ती माझ्या कुशीवर चढून गायची. दुखायचं. पण कोणाला सांगू नका, बरं वाटायचं.

त्यांच्या फोर्ड गाडीत मी मावत नसे. काळ्या मेणकापडात गुंडाळून मला टपावर बांधायचे. आमच्याकडे मयत चाललेलं दिसलं की समोरच्या गाड्या कडेला थांबतात, पुरुष टोप्या काढतात. एकदा मला पाहून ट्रॅक्टर थांबला, दुधाची गाडी थांबली.

"ताई, अगं त्यांना वाटतंय वर मेलेलं माणूस आहे!" डेल्मर सीटखाली घुसायला लागला.

"वाटू दे की, डेल्म्या! रेडिओवर मला जागा नाही, इथे अख्खा रस्ता मोकळा!" ती खिडकीतून अर्धी बाहेर आली. "थांबलात ते बरं केलंत! शनिवारी नाच आहे, या!"

बरेच जण आले. आधी विचारलं, "पुरलंत का?" मग नाचले.

या हिवाळ्यात ताप तिच्या छातीत उतरला आणि ती गेली.

आज सकाळी मयताची गाडी काही केल्या सुरू होईना. शेवटी तिची शवपेटी पावाच्या गाडीत चढवली. पावाच्या गाडीसाठी कोण थांबणार? फाटकाबाहेर एका बाईने तर हात करून पाव मागितला.

डेल्मर धावत घरात आला. मला मेणकापडात गुंडाळून त्याने ओढत नेलं आणि त्या गाडीच्या टपावर चढवलं.

"अरे, बाजूला हसऱ्या पावाचं चित्र आहे!" ड्रायव्हर म्हणाला.

"हसू दे. दोर धर."

ट्रॅक्टर थांबला. दुधाची गाडी थांबली. वळणावर एमेट साहेब टोपी छातीशी धरून उभे होते.

"कोण गेलं रे, पोरा?"

"व्हर्लीन टॅकेट," डेल्मर म्हणाला. "गायिका."

साहेबांनी टोपी परत घातली नाही.

पुरून झाल्यावर बाकी सगळे जेवायला आमच्या घरी गेले. मेणकापड फाटलंय, गारठ्याने माझे सांधे सुटतायत. मला खाली उतरवा म्हणा त्याला. पण आज नको. आज रस्त्यात दिसलो तर फक्त थांबा.

डेल्मरने मला पावाच्या गाडीवरून काढून फोर्डच्या टपावर बांधलं आणि सकाळी ज्या रस्त्याने गेलो नव्हतो, तिकडे गाडी वळवली, तिथल्यांनीही तिच्यासाठी थांबावं म्हणून. समोरून एक ट्रक आला. थांबला. डेल्मर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि अगदी तिच्यासारखा किंचाळला, "थांबलात ते बरं केलंत!"