उभा दंड, आडवा दंड

दिवेबाबांच्या मांडवात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. गडमुडशिंगीच्या देवळाला लागून मांडव, चारी बाजूंनी काळी कनात, आणि व्यासपीठावर भगव्या ध्वजाच्या काठीजवळ बसलेले बाबा. समोर दोनेक हात लांबीचा पितळी दंड. दंडाच्या मधोमध लाकडी मूठ आणि मुठीवर लाल काचेचा मणी. ना वायर, ना सेल. तरी खऱ्या माणसानं दंड हाती घेतला की मणी पेटायचा आणि पाप्यानं घेतला की विझायचा. दोन हजार चार साल होतं. मांडवात पाच-पन्नास जणांच्या खिशात मोबाइल होते, पण बिनतारी गोष्टीचं नवल काय ते बाबांच्या दंडाचं.

"हा ब्रह्मदंड बारा वर्षं हिमालयाच्या बर्फात होता. ब्रह्मांडाची ऊर्जा पितो," बाबा सांगत होते. बारा वर्षं बर्फात काढूनही पितळ कालच चिंचेनं घासल्यासारखं लखलखत होतं, हे मागे उभ्या शांभवीच्या लक्षात आलं. ती याच गावची. कोल्हापुरात तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि रविवारी घरी यायची.

दंड धरायची रीत बाबांनी ठरवून दिली होती. पुरुषानं जोतिबाच्या सासनकाठीसारखा उभा धरायचा, बाईनं ओटी घेतात तसा पदरात आडवा घ्यायचा. गावाला ही रीत इतकी आपली वाटली की कुणी का म्हणून विचारलं नाही. सकाळपासून सात पुरुषांचा मणी पेटला होता आणि पाच बायकांचा विझला होता. सरपंच हंबीररावांच्या मंडळींचा तेवढा पेटला, कारण त्यांना देवीचा अंश ठरवून बाबांनी दंड उभा धरायला लावला होता. त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

मग बाळाबाईला बोलावलं. वीस वर्षं ती देऊळ झाडत होती. आठ दिवसांपूर्वी देवीची चांदीची छत्री नाहीशी झाली आणि किल्ली तिच्याकडे असायची म्हणून बोटं तिच्याकडे वळली. तिनं दंड पदरात घेतला. मणी विझला.

हंबीररावांनी माईकवरून तिला चोर म्हटलं. उद्या दुपारी पुन्हा परीक्षा होईल, तेव्हाही विझला तर गावात तिला पाणी नाही, काम नाही, दुकानात उभं करायचं नाही. कुरुंदवाडला ठरलेलं तिच्या लेकीचं लग्न मोडणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

शांभवीला स्वतःचाच संताप आला. दोन वर्षं ती एका तरंगत्या गोळ्यावर काम करत होती. पंचगंगेला पूर आला की तो पाण्यात सोडायचा आणि त्यानं पातळी बिनतारी कळवायची. पुरात गोळा कसाही लोळणार, म्हणून त्याच्या अँटेनातून सगळ्या दिशांना जवळपास सारखी लहर जायला हवी. तंतोतंत सारखी कुणालाच जमत नाही, तिथं गणितच वाट अडवतं. अँटेनाच्या एकट्या सरळ कांडीची तर खोडच असते, की उभ्या कांडीची लहर उभ्या कांडीला लागते आणि आडवीला लागत नाही. हे तिनं शंभरदा फळ्यावर शिकवलं होतं, आणि आज तासभर ती चारचौघांसारखी मण्याकडे बघत राहिली. दंड कोण उभा धरतंय आणि कोण आडवा, इकडे तिचंही लक्ष गेलं नव्हतं.

ती तशीच बाळाबाईच्या घरी गेली. बाळाबाई म्हणाली, तू कोल्हापूरला निघून जाशील, मला हितंच राहायचं हाय. उद्या कबूल करते, सगळ्यांच्या पाया पडते, निदान पोरीचं लग्न तरी होईल.

"मावशी, छत्री तू घेतलीस का?"

"न्हाय."

"मग न्हाय म्हण."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शांभवी दुपारी मांडवात आली, तेव्हा तिच्या हातात लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी होती. बरणीतून तीन कांड्या आरपार गेलेल्या, एक उभी, एक आडवी, एक पुढेमागे, आणि प्रत्येकीच्या मध्यावर बारका दिवा; सेल मात्र कुठंच नाही. बाळाबाईचं नाव पुकारण्याआधीच ती व्यासपीठावर चढली. बरणीतला एक दिवा पेटला होता.

बाबांनी अपवित्र यंत्र म्हणून हात झटकले. हंबीररावांनी तिला खाली उतरायला सांगितलं.

"आबा, ह्यो दिवा हिमालयात न्हाय गेला. मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतनं आणलाय. मग ह्यो का पेटला?" तिनं सरपंचांना विचारलं.

तिनं बरणी उभी केली, आडवी केली, उलटी केली. एक दिवा मंद झाला की दुसरा उजळायचा. तिनं ती बायकांच्या हातात दिली, पोरांच्या हातात दिली, गावच्या नामचीन दारुड्याच्या हातातही दिली. बरणी कुणाच्याच हातात विझली नाही.

"आबा, तुमी गावातलं खरं माणूस," ती म्हणाली. "तेवढा दंड उपरण्यात घ्या. बायकांगत आडवा."

सगळं गाव बघत होतं, त्यामुळे हंबीररावांना नाही म्हणता येईना. त्यांनी दंड आडवा घेतला. मणी विझला.

"मी काय चोरलंय?" हंबीरराव म्हणाले. काल शांभवीला न्हाय म्हणताना बाळाबाईचा आवाज असाच केविलवाणा निघाला होता.

बाईनं दंड उभा धरला तर गावावर कोप होईल, असं बाबा ओरडू लागले. बाळाबाईनं सरपंचांच्या उपरण्यातून दंड ओढून घेतला आणि सासनकाठीसारखा उभा केला. मणी लालभडक पेटला.

"काल मी चोर, आज साव," ती म्हणाली. "मी तीच हाय की."

शांभवी बरणी घेऊन पुढे सरकत गेली. ध्वजाच्या काठीजवळ दिवे सगळ्यांत प्रखर झाले. तिनं ध्वजाचं कापड बाजूला केलं तर आत धातूची उभी कांडी निघाली. व्यासपीठाचा पडदा वर केला तर खाली ट्रकची बॅटरी, पोलिसांकडे असतो तसला वायरलेस सेट, आणि बटणावर बोट ठेवून घामाघूम झालेला बाबांचा शिष्य. एखाद्या पुरुषाला पापी ठरवायचं झालं, तर बाबांच्या खुणेसरशी त्यानं बोट उचललं की काम व्हायचं; आज खूण करायचंच बाबांना सुचलं नव्हतं. बाबांनी डोळे मिटून समाधी लावली. ती पोलीस येईपर्यंत टिकली.

"मग छत्री कुणी नेली?" हंबीररावांनी विचारलं.

"मला म्हाईत न्हाय," शांभवी म्हणाली. "दिव्यालाबी म्हाईत न्हाय. तक्रार करा, चौकशी करा, पुरावा बघा. पण कुणी माणसाला चोर म्हणाया लागलं की आधी विचारा, कसं कळलं? आणि दिवा विझला तर दंड कसा धराया लावलाय ते बघा."

लोक खाली माना घालून उठू लागले. हंबीरराव बाळाबाईजवळ आले आणि चाचरत म्हणाले, की उद्यापासून देवळाची झाडलोट पुन्हा तिनंच बघावी.

बाळाबाईनं दंड त्यांच्या हातात दिला, उभाच.

"काल माईकवरनं चोर म्हणालासा. आता त्याच माईकवरनं चोर न्हाय म्हणा. मग बघू."

उठलेले लोक पुन्हा खाली बसले. हंबीररावांनी घसा खाकरला आणि माईक हातात घेतला.