तांबड्या अंड्याची तलंग

अक्काबाईची आई, सारजा, कोंबडीचा कान बघून अंड्याचा रंग सांगायची. कान म्हणजे डोळ्यामागं असतो तो चामडीचा ठिपका. तो पांढरा तर अंडं पांढरं, लाल तर अंडं तांबडं. जुन्या पळसदेवात तिचं सांगणं कधी चुकलं नाही, निदान लेकीला तरी तसंच आठवत होतं. अक्काबाई लग्न होऊन कन्हेरीला निघाली तेव्हा आईनं पाटीत झाकून लाल कानाची एक कोंबडी बरोबर दिली. पुढं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं, आईही गेली. माहेर म्हणून उरलं ते तेवढं कोंबडीचं वाण.

चौऱ्याण्णव साली त्या वाणाची एकच म्हातारी कोंबडी राहिली होती. ती काही खुडुक बसेना, म्हणून अक्काबाईनं तिची पाच तांबडी अंडी शेजारच्या धोंडाबाईच्या खुडुक कोंबडीखाली उबवायला ठेवली. धोंडाबाईनं त्यातच आपली पाच पांढरी सारली. रीत ठरलेली होती : पिल्लं निम्मी निम्मी, पहिली निवड खुडुकवालीची. पिल्लं निघाली ती सगळी एकसारखी, कोण कुणाचं ते ओळखायची सोय नाही. त्याच महिन्यात म्हाताऱ्या कोंबडीला मुंगसानं नेलं. पिल्लांतला वाटा घारीनं आणि मांजरानं उचलला, आणि सहा महिन्यांनी उरल्या दोनच तलंगा, पहिल्या अंड्यावर आलेल्या. एकीचे कान लाल, दुसरीचे पांढरे.

वाटणीच्या दिवशी धोंडाबाई म्हणाली, "अक्काबाई, आमच्या सुनंचं, मोनाचं, दिवस भरत आल्यात. बाळंतिणीला तांबडं अंडं चांगलं म्हंत्यात. तुला त्यातलं कळतंय. सांग, कुठली घिऊ?"

अक्काबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. तीस वर्षांच्या शेजारात मिठाच्या खड्याचाही कधी वाद झाला नव्हता. पण आईकडचं शेवटचं पाखरू डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या दारात जाणार म्हटल्यावर तिची जीभ फिरली.

"पांढऱ्या कानाची घी," ती म्हणाली. "माजी आई तसंच सांगायची."

मेलेल्या आईच्या नावावर खोटं खपवलं, ते जेवताना घास घास टोचत राहिलं. तरी लाल कानाची तलंग पाटीखाली कोंडताना बरंही वाटलं. माणसाचं मन असलं चमत्कारिक.

आठवड्याभरात लाल कानाचीनं पहिलं अंडं घातलं. पांढरं. दुसरं पांढरं, तिसरंही पांढरंच. सरकारी योजनेतले परजातीचे कोंबडे वाटले गेल्यापासून गावात सगळी सरमिसळ झाली होती, तिथं कानाची खूण कुठवर टिकणार? ती जुन्या पळसदेवातल्या कोंबड्यांची खूण होती. अक्काबाईला आई पुन्हा एकदा गेल्यासारखं झालं.

तिसऱ्या अंड्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडाबाई आली. बगलेत पांढऱ्या कानाची तलंग, हातात अजून गरम असलेलं अंडं. तांबडं, अगदी म्हाताऱ्या कोंबडीचं असायचं तसं.

"तुजी आई लई जाणती बाई हुती बघ," ती म्हणाली. "मी आपली लाल कानाचीच उचलनार हुते. साऱ्या आळीला सांगितलं, अक्काबाईमुळं मोनाला तांबडं अंडं मिळालं."

एवढं ऐकून घेणं अक्काबाईला झेपलं नाही. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"आईनं उलटं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "लाल कानाचं तांबडं. मी खोटं बोलले धोंडाबाई. ती मला पायजे हुती. आईकडची तेवढी येकच राहिली हुती."

धोंडाबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं तलंग हळूच अक्काबाईच्या मांडीवर ठेवली, अंडं तेवढं मोनासाठी आपल्याच हातात राहू दिलं आणि जायला वळली.

"नुसती मागायची हुतीस गं," ती म्हणाली. "मी न्हाय म्हनले असते व्हय?"