ताब्याच्या दिवशीचं कुलूप

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा पुष्कळ आहे. आज एका गहाण घराची आणि त्याच्या दारावरच्या कुलपाची गोष्ट सांगतो. देवाने माणसाला हात दिले, बुद्धी दिली, आणि जाता जाता वरून चिमूटभर मीपणाही भुरभुरला. त्या चिमटीने काय केलं, ते ऐका.

एका अरुंद गल्लीत एक कुलूपवाला राहत होता. सगळे त्याला मास्तर म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. मास्तरांच्या बोटांत जादू होती, डोक्यात हिशेब मात्र नव्हता. धंदा वाढवायचा म्हणून त्यांनी घर बँकेकडे गहाण ठेवलं, नवं यंत्र आणलं, आणि विकायची कुलपं करायची सोडून एकच कुलूप करत बसले. कानशीने घासायचे, कानाशी धरून वाजवायचे, मान हलवायचे, पुन्हा खोलायचे. अखेर कुलूप झालं. तोवर हप्ते थकले.

बँकेचे वसुलीसाहेब म्हणजे अगदी देवमाणूस. आवाज चढवणं नाही, दमदाटी नाही. त्यांनी आधी नोटीस दिली, भरायला मुदत दिली. वहिनींनी ‘आणखी थोडं थांबा’ असा अर्ज केला, तर थांबता का येत नाही याचं सविस्तर लेखी उत्तर दिलं. मुदत संपली तेव्हा दारावर नोटीस लावली, तीही खिळा न ठोकता खळीने, दाराला भोक पडू नये म्हणून. मग कोर्टातून रीतसर हुकूम आणला. एखाद्याला बेघर करावं तर इतक्या निगुतीने करावं, की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुक करावं. आणि ते करतही होते.

वहिनींनी मात्र तो हुकूम शेजारच्या शिक्षिकेकडून दोनदा वाचून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, की ताबा आज सूर्यास्ताच्या आत घ्यायचा आणि मालमत्तेचं नुकसान न करता घ्यायचा. आजचा दिवस टळला की साहेबांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागणार. कोर्टाचं काम म्हणजे महिना-दोन महिने कुठेच गेले नाहीत. तेवढ्यात लेकीकडून पैसे येणार होते. ताब्याआधी थकलेले हप्ते भरले तर बँक गप्प बसणार होती. ताबा गेल्यावर मात्र अख्खं कर्ज एकदम मागणार, आणि लेकीची ऐपत हप्त्यांपुरतीच होती.

तेव्हा वहिनींनी सकाळीच मास्तरांचं ते कुलूप दाराला घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि पायरीवर फतकल मारून बसल्या. मास्तरांना एवढंच सांगितलं, “तुम्ही आज तोंड उघडायचं नाही. मुके आहात असं समजा.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

“हात मागे बांधून उभे राहा.”

“बरं म्हटलं ना! लहान आहे का मी?”

साहेब आले. साक्षीला समोरचा न्हावी आणि कोपऱ्यावरचा दूधवाला होते. साहेबांनी हुकूम वाचून दाखवला आणि अदबीने म्हणाले, “वहिनी, किल्ली द्या.”

“देणार नाही.”

“मला जबरदस्ती करता येत नाही, वहिनी.”

“म्हणूनच देणार नाही.”

साहेबांनी मान डोलावली आणि नोंद केली. खिडक्यांना मास्तरांनीच बसवलेले गज होते, त्यांतून मांजरही आत गेलं नसतं. दार फोडायचं किंवा कुलूप कापायचं तर नुकसान होणार. साहेबांनी बाजारातल्या चावीवाल्याला बोलावणं पाठवलं. चावीवाला आणि मास्तर यांचा जुना उभा दावा. तो आला, मास्तरांकडे बघून हसला आणि पिशवीतल्या तारा पसरून कुलपाशी बसला.

दुपार झाली. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं. चावीवाल्याने तारा वाकवल्या, तेल सोडलं, कुलूप कुरवाळलं, शिव्याही घातल्या. कुलूप ढिम्म. वहिनींनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, उठल्या तर पायरी जाईल म्हणून. मनातल्या मनात देवाचं नाव चाललं होतं. एक डोळा आकाशाकडे आणि दुसरा नवऱ्याकडे. कारण गर्दी वाढत होती आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढत होतं.

“काय कुलूप आहे हो!” न्हावी म्हणाला. “मास्तर, मानलं तुम्हाला.”

मास्तर बोलले नाहीत, पण त्यांची छाती बोलत होती.

उन्हं कलली. साहेबांनी घड्याळ बघितलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला. “चला, आज जमत नाही असं दिसतं. कागदपत्रं पुन्हा करावी लागतील.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. वहिनींनी डोळे मिटले. जीव भांड्यात पडायला आता थोडाच अवकाश होता.

चावीवाला कपडे झटकत उठला. चार लोकांत नाक कापलं गेलं होतं, ते कसं तरी जोडायला हवं होतं. तो मोठ्याने म्हणाला, “साहेब, यात माझा दोष नाही. हे कुलूप मुळात बिघडलेलं आहे. आतले दाते अडकलेत. घडवणाऱ्याला घासायची अक्कल नव्हती. आता हे किल्लीनेसुद्धा उघडायचं नाही, कापूनच टाका!”

गल्ली हसली.

वहिनींनी झटकन डोळे उघडले. मास्तरांचे हात सुटले होते.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या.

“दाते अडकलेत?” मास्तर म्हणाले.

“अहो, ऐका माझं. लेकीची शपथ आहे तुम्हाला.”

“अडकलेत म्हणतो! माझे दाते!”

मास्तर पायरी ओलांडून वर गेले. वहिनींनी त्यांचं धोतर धरायला हात पुढे केला, तेही हातात आलं नाही. मास्तरांनी चावीवाल्याच्याच पसाऱ्यातली एक तार उचलली, कुलपाला कान लावला, डोळे मिटले. तान्ह्या बाळाला थोपटावं तसं कुलूप थोपटलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि कडी मोकळी झाली. सूर्य अजून समोरच्या गच्चीच्या कठड्यावर होता.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! दूधवाल्याने तर शीळ घातली. मास्तर लोकांकडे वळले, हसले, आणि मग बायकोचा चेहरा दिसल्यावर त्यांचं हसू जागच्या जागी सांडलं.

“मी... तो म्हणत होता बिघडलंय...”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “ऐकलं मी.”

साहेब क्षणभर गोंधळले. पण नियम तो नियम. दार नुकसान न होता, मुदतीत, साक्षीदारांसमक्ष उघडलं होतं. त्यांनी आतल्या सामानाची यादी केली, दोघांच्या सह्या घेतल्या, कपडे आणि भांडी बाहेर न्यायला आपल्या हाताने मदत केली. मग कुलूप उघडण्याची मजुरी मास्तरांच्या हातावर ठेवून पावती घेतली. “कुणाची मेहनत फुकट घ्यायची नाही,” ते म्हणाले. “अर्थात, ताब्याचा खर्च कर्जदाराच्या खात्यात चढतो.” म्हणजे मास्तरांच्याच.

जाताना साहेबांनी दाराला लावायला पिशवीतून बँकेचं कुलूप काढलं. मास्तरांनी ते बघितलं आणि त्यांना राहवेना. “साहेब, हे? हे तर केसातल्या आकड्याने उघडेल. आत चोर शिरले तर?”

“गप्प बसा हो,” वहिनी म्हणाल्या, पण आता आवाजात जोर नव्हता. आता काय उघडायचं आणि काय मिटायचं!

लेकीचे पैसे पंधरवड्यात आले. बँकेने अदबीने सांगितलं की आता सगळं कर्ज भरावं लागेल. ते कुठून भरणार? घराचा लिलाव झाला, तोही रीतसर, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन. नवरा-बायको मास्तरांच्या भाड्याच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेले. मास्तरांचं नाव मात्र चहूकडे झालं. दिवसभर खटपट करूनही चावीवाल्याला उघडता आलं नाही, तसलं कुलूप मागायला गिऱ्हाईक येई आणि त्या संध्याकाळची गोष्ट मास्तरांच्या तोंडून ऐकून जाई. मास्तर ती रंगवून सांगत. आत वहिनी भाजी निवडत ऐकत आणि एका शब्दानेही मोडता घालत नसत. धंदा बरा चालू लागला होता, आणि नवरा हसतमुख असला की त्याचा हात चांगला चालतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मायबाप, मास्तरांची कला सगळ्यांच्या लक्षात आहे, ती तुम्ही नाही आठवलीत तरी चालेल. पण हात जोडून एक मागतो. कधी देवापुढे बसलात, तर त्या बाईची आठवण काढा. दिवसभर तहान मारून ती त्या पायरीवर बसली होती. घर तिने जवळजवळ राखलं होतं, आणि तिच्यासाठी त्या गल्लीत कुणी टाळी वाजवली नाही.