आखूड बुश आणि आक्काचा गुडघा

मी एक जुना ड्रिल बुश आहे. मित्रांनो, नाव परकं वाटेल, पण मी आहे साधीच अंगठ्याएवढी पोलादी नळी. भोक पाडणारं ड्रिल नुसतं लोखंडावर टेकलं की घसरतं, भरकटतं. माझ्या पोटातून गेलं की सरळ उतरतं. मला लालबुंद तापवून तेलात बुडवलं तेव्हा जीव चरचरला, पण त्यानेच मी टणक झालो. देवाने कुणाला रूप दिलं, कुणाला गळा. मला दिलं भोक! त्या भोकापलीकडे काय घडतं, ही उत्सुकता मला जन्मापासूनची.

माझ्या उमेदीच्या काळात कारखान्याचे मिस्त्री मला रोज पुसून ठेवत. पुढे लांब, चकचकीत बुश आले आणि माझी रवानगी डब्यात झाली. मिस्त्रींचा मेव्हणा तर मला 'आखूडबुवा'च म्हणे.

एकदा मिस्त्री आपल्या बहिणीच्या, आक्काच्या, कृत्रिम पायाचा गुडघा बनवत होते. दोन लोखंडी पट्ट्यांची भोकं एका रेषेत आली, तरच खीळ आरपार जाणार आणि गुडघा वाकणार. मेव्हण्याने सगळ्यांत लांब बुश निवडला, थेट पट्टीला टेकवला. ड्रिल किंचाळलं, धूर निघाला, भोक तिरपं पडलं. खीळ अडकली ती अडकलीच.

"यंत्रच म्हातारं झालंय, भावजी!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मिस्त्री करवादले. "आता पट्ट्यांची एकच जोडी उरलीय."

स्टुलावरची आक्का मघापासून वाकून पाहत होती. "दादा, एक विचारू? तो लोखंडाचा कीस बाहेर कुठून पडतो?"

"बुशातूनच, वर," मेव्हणा म्हणाला.

"म्हणजे जायला-यायला एकच दार? मग चेंगराचेंगरी होणारच की!"

"खरंय, किसाला खालीही वाट हवी. आखूड बुश हवा!" मिस्त्री उठले. त्यांनी डबा पालथा केला, माझ्यात ड्रिल घालून हलवून पाहिलं. जरासुद्धा डुगडुगलं नाही. मला बसवल्यावर पट्टीच्या नि माझ्या मध्ये ड्रिलच्या निम्म्या जाडीएवढी फट उरली. कीस तिथून भुरभुर बाहेर पडला. खीळ अलगद आरपार गेली.

"आखूडबुवा, चुकलो बाबा!" मेव्हण्याने कान पकडले.

काही दिवसांनी फरशीवर पावलं वाजली. एक हलकं, एक जड. आक्का चालत आली होती! भोकापलीकडे काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, अवजाराची चकाकी पाहू नका. कामाला काय हवं ते आधी विचारा. आणि काम झालं की आम्हाला पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा. मी गंजलो, तर कुणाचा तरी गुडघा अडून राहील.