चिन्हांसकट

मुलीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि मी उत्तर दिलेलं नव्हतं. काहीच पाठवलं नव्हतं असं नाही. पण जे पाठवलं ते आठवलं की अजून कान गरम होतात.

ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. फोन दोघांकडेही आहे, पण फोनवर मी फक्त "बरं" म्हणतो अशी तिची तक्रार आहे आणि ती खरी आहे. तिची आई गेल्यापासून काही महत्त्वाचं असलं की ती लिहून पाठवते. या वेळी दोन पानं होती. बाळ पोटात आडवं आहे, वळेल असं दिसत नाही, म्हणून तारीख ठरवून सिझेरियन करणार. पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर करतील, पण ती जागी असेल. जावई बोटीवर इंजिनियर. त्याची बोट महिनाभर तरी किनाऱ्याला लागत नाही. आत एका माणसाला उशाशी बसू देतात.

"तुम्ही बसाल का?" तिने लिहिलं होतं. "गप्पा मारायची गरज नाही, त्या तुम्हाला जमतही नाहीत. आपण पूर्वी वाचायचो तसं वाचा, चिन्हांसकट. मला त्या वेळी अर्थ नको आहे, नुसता आवाज हवा आहे. जमणार नसेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही. पण काहीतरी लिहा."

मी अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. ते काम खरं म्हणजे दोघांचं असतं. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावर नजर ठेवायची. वाचणारा सगळं वाचतो: स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, पूर्णविराम, नवा परिच्छेद. काम घरी आणावं लागायचं, तेव्हा नवव्या वर्षापासून माझी वाचणारी ती होती. खुर्चीवर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. मी तिला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की अर्थ मनात येऊ द्यायचा नाही. अर्थ लागला की माणूस पुढचं गृहीत धरतो आणि गळलेला शब्द गळलेलाच राहतो. ती हे इतकं छान शिकली की एकदा एका कादंबरीतली नायिका मरते ते अख्खं प्रकरण तिने एका सुरात वाचलं आणि शेवटचा पूर्णविराम उच्चारून विचारलं, "आता जेवायचं का?" तिची आई स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे पुसत उभी होती. म्हणाली, "दोघं मिळून दगड झालात."

तिचं पत्र मी तसंच वाचलं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. सोबत हॉस्पिटलचं माहितीपत्रक होतं, आठ पानी. ते वाचता वाचता हातात लाल पेन कधी आलं ते मला कळलं नाही. दुसऱ्या पानावर ऑपरेशनआधी सहा तास काही खायचं नाही असं होतं, सातव्या पानावर आठ तास. सूचनांच्या यादीत चारनंतर एकदम सहा होतं, तिथे मी समासात लिहिलं, "पाच कुठे?" अशा सतरा खुणा केल्या आणि ते पत्रक पाकिटात घालून तिला पाठवून दिलं. सोबत एक ओळही नाही. विसरलो असं म्हणायला मला आवडेल.

ती जन्मली तेव्हा मी छापखान्यात होतो. एका पुस्तकाचा शेवटचा फर्मा, सोळा पानं एकदम छापायचा, मशीनवर चढला होता आणि तो तपासायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, असं तेव्हा वाटलं. संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा बायको डोळे मिटून पडली होती. पावलं ओळखून म्हणाली, "आलात? झालं का छापून?" पुढे आयुष्यभर तिने हा विषय काढला नाही.

तेव्हा मी आत बसून काय उजेड पाडणार, हा प्रश्न होताच. तरी मी प्रयोग करून पाहिला. समोर घड्याळ ठेवून वॉशिंग मशीनची पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली. विसाव्या मिनिटाला आवाज बसला. पत्रकाप्रमाणे ऑपरेशनला पाऊण तास लागतो. मी पाणी प्यालो, पेला धुऊन पालथा घातला. भीती वाटते आहे का, म्हणून स्वतःला विचारून पाहिलं. काही वाटत नव्हतं. हात उशाखाली राहून मुंग्या येतात, त्याच्या आधी तो नुसता लाकडासारखा असतो, तसं.

ऑपरेशन गुरुवारी होतं. सोमवारी पूर्वतपासणीला फाइल धरायला याल का, म्हणून तिने फोनवर विचारलं. मी म्हणालो, "बरं."

तपासणीची खोली लहान होती. उंच पलंग, त्याच्यापुढे पाय ठेवायला लाकडी पायरी, भिंतीशी गोल स्टूल. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी मुलीचा रक्तदाब बघितला, दात हलतात का ते विचारलं, आणखी काही शंका आहेत का, असं म्हणाल्या. मुलीने पिशवीतून ते पत्रक काढलं. लाल खुणांचं.

"सहा तास की आठ?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "सहा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. आठ कुठे लिहिलंय?" त्यांनी पानं उलटली. "अरे देवा. पाच वर्षं आम्ही हे वाटतोय. कोणी केलं हे?"

"बाबांनी. मी त्यांना पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर."

तिच्या आवाजात राग नव्हता. अवतरण बंद म्हणताना असायचा तसा आवाज होता. मी फाइलच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"पाचवा मुद्दा खरंच गळलाय," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या. "सोबत बसणाऱ्याने काय करायचं ते होतं त्यात. बाकी सगळे वाचून जातात, कोणाच्या लक्षात नाही आलं. सिस्टर, ऑफिसला कळवा हो."

दाराशी फॉर्म भरत बसलेल्या सिस्टरने मान वर केली. "सोबत कोण आहे हिच्या? नाव नाही इथे."

"कोणी नाही, असं लिहा," मुलगी म्हणाली.

"अगं, हे आजोबा आहेत की."

"ते फाइल धरायला आलेत."

सिस्टर हसल्या. मीही हसलो बहुतेक. त्यांनी लिहिलं आणि म्हणाल्या, "बदलायचं झालं तर बुधवारी दुपारपर्यंत सांगायचं हं. नंतर यादी वर जाते, मग मी काही करू शकत नाही."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, दोनच शब्दांचं. मी ते मनात वाचलं, पूर्णविरामासकट, आणि तिथेच ठेवलं.

मग डॉक्टरांनी सुई देताना कसं बसायचं ते दाखवायला घेतलं. मुलगी पलंगाच्या कडेवर बसली, पाय पायरीवर. मांडीवर उशी, हनुवटी छातीशी, पाठ बाहेर काढायची आणि हलायचं नाही. "समोरून कोणीतरी खांदे धरतं," डॉक्टर म्हणाल्या. "सिस्टर—" पण सिस्टर तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. "आजोबा, तुम्ही या जरा. फाइल ठेवा खाली. दोन्ही हात."

मी तिच्या खांद्यांवर हात ठेवले. शेवटचे कधी ठेवले होते, आठवत नाही. डॉक्टर तिच्या पाठीवर बोटाने मणके मोजत होत्या आणि बोलत होत्या. "आधी पाय गरम होतील, मग जड. मग मी गार फवारा मारून विचारणार, लागतंय का. गार नाही कळलं, की पुढचं सुरू. ओढाताण कळेल, दुखणार नाही. छातीशी पडदा असतो, तिला काही दिसत नाही. सोबतचा माणूस स्टुलावर उशाशी बसतो. पडद्यापलीकडे वाकायचं नाही. गरगरलं तर लगेच सांगायचं. बाकी त्याला काम काही नसतं. नुसतं असायचं."

मुलगी उशीवर डोकं टेकून होती. तिच्या मानेवर घाम आला होता आणि माझ्या हाताखाली खांदे बारीक थरथरत होते, एका लयीत. वरून बघणाऱ्याला कळलं नसतं. आणि ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मी वाकून ऐकलं. ती डॉक्टरांचंच बोलणं म्हणत होती, एका सुरात. "मग जड पूर्णविराम. ओढाताण कळेल स्वल्पविराम दुखणार नाही पूर्णविराम." अर्थ आत येऊ नये म्हणून. मीच शिकवलेलं. ती एकटीच वाचत होती आणि समोर बघायला कोणी नव्हतं.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "गुरुवारी असंच बसायचंय. सोडा आजोबा."

मी हात काढले. थोड्या उशिरानेच.

तिला बसथांब्यापर्यंत सोडलं. ती म्हणाली, "जेवलात का वेळेवर?" मी म्हणालो, "बरं." ती हसली आणि बसमध्ये चढली.

फोन करता आला असता, हे मला ठाऊक आहे. फोनवर मी पुन्हा "बरं" एवढंच म्हटलं असतं. पोस्ट ऑफिस हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत होतं. पाच वाजता पेटी उघडतात. त्याआधी टाकलेलं शहरातल्या शहरात दुसऱ्या दिवशी पोहोचतं. चाळीस मिनिटं होती. मी खिडकीतून एक पाकीट आणि कोरा कागद घेतला आणि तिथल्या तिरक्या फळीपाशी उभा राहिलो.

पहिल्या कागदावर मी छापखान्याबद्दल लिहू लागलो, शेवटच्या फर्म्याबद्दल, तिच्या आईबद्दल. पान भरलं तरी मुद्दा आला नव्हता. तो घडी करून खिशात ठेवला आणि दुसरा कागद मागितला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अर्ज आहे का काका? नमुना देऊ?" मी म्हणालो, उत्तर आहे. मग लिहिलं:

"तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. मी आत बसतो. सिस्टरांना माझं नाव सांग, बुधवारी दुपारच्या आत. काय वाचायचं ते तू निवड. माझा आवाज विसाव्या मिनिटाला बसतो, हे मोजून पाहिलं आहे. पाणी पिईपर्यंत थांबावं लागेल. तेवढा वेळ तू वाच, मी ऐकतो. चक्कर येईल की नाही ते सांगता येत नाही. बाबा."

पत्ता घातला, तिकीट लावलं. बाहेर आलो, तर पोस्टमन पेटी उघडून पत्रं पिशवीत सारत होता. मी पाकीट पुढे केलं.

"आत टाकलं असतंत तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"उद्या पोहोचेल ना?"

त्याने पत्ता बघितला. "पोहोचेल की, सकाळीच," म्हणाला, आणि पाकीट पिशवीत टाकून त्याने पिशवीचं तोंड आवळलं.